दिशा कळते, अंतर नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी

सुखरूप पोहोचलो. वाटेत घरचा गॅस बंद केला की नाही या विचाराने जीव खालीवर होत होता. शेवटी शेजारणीला फोन करून बघायला लावलं. बंद होता. ती म्हणाली, काका, आता तरी खिडकीबाहेर बघा आणि गप्प बसून प्रवास करा.

ही वही पोरीने दिली. म्हणाली, अप्पा, जी काळजी वाटेल ती हिच्यात लिहा, मला दिवसातून पन्नासदा विचारू नका. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचा सगळा जन्म टेम्पोच्या स्टिअरिंगवर गेला. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण वाचणार कोण आहे?

घ्यायला पैलवान आला होता. इथला ड्रायव्हर. नावाचाच पैलवान, अंगाने असा की फुंकर मारली तर उडेल. वस्ती संपली, शेतं संपली, पुढे रस्त्यानेही हात टेकले आणि नुसतं सपाट माळरान लागलं. मधोमध तारेचं कुंपण, आत लोखंडी खोल्या आणि एका ट्रेलरवर भली मोठी पांढरी डिश. फाटकाशी गाडी थांबली तसा मी पैलवानाच्या हाताखालून हात घालून दोन छोटे हॉर्न दिले. पीप-पीप. ही माझी जुनी खूण. पोरगी लहान असताना हा हॉर्न ऐकला की ताटावरून उठून फाटक उघडायला पळायची. आजही पळत आली. चाळिशीची बाई, इथली मुख्य साहेब, चार लोक बघताहेत, तरी पळत आली. तिची आई गेल्यापासून मला ती आणि तिला मी, बस्स.

मला एक स्वतंत्र खोली दिली आहे. खिडकीतून डिश समोरच दिसते. गादी जरा मऊ आहे, कंबर धरेल असं वाटतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कंबर धरली.

आज सगळं फिरून पाहिलं. हे काम असं : फुगे सोडणारी माणसं दुसरीकडे असतात. फुग्याला एक डबा टांगलेला असतो, त्यात हवा मोजायची यंत्रं. डबा सारखा आवाज पाठवत वर जातो आणि इथली डिश त्या आवाजाच्या मागे मान फिरवत राहते. कधी फुगा, कधी छोटं रॉकेट, कधी उपग्रह. काम झालं की डिश उतरवायची, खोल्या ट्रकवर चढवायच्या आणि दुसऱ्या माळावर जायचं. सर्कसच म्हणा, फक्त हत्ती नाही.

डिशच्या खोलीत बसतो तो चष्मा. कानावर हेडफोन, डोळे पडद्यावर. मी विचारलं, फुगा किती लांब गेला ते डिशला कसं कळतं? तो म्हणाला, काका, नाहीच कळत. डिशला दिशा कळते, अंतर कळत नाही. आवाज कुठल्या बाजूने येतो एवढंच तिला समजतं. डबा स्वतःच सांगतो मी अमुक ठिकाणी आहे म्हणून, तेव्हा आपल्याला अंतर समजतं. डबा गप्प झाला की तो हाताशी आहे की क्षितिजापाशी, डिशला सगळं सारखंच. आणि दोन आवाज असले तर? तर जो मोठा त्याच्याकडे वळते, म्हणाला. मी म्हटलं, म्हणजे आमच्या सोसायटीच्या चेअरमनसारखी.

त्याने हातात धरायची अँटेनाही दाखवली. माशाच्या काट्यासारखी, मागे काटा हलणारी छोटी पेटी. पडलेला डबा शोधायला गाडीतून नेतात. जिकडे रोखल्यावर काटा उठेल तिकडे चालत राहायचं. मी कुंपणापाशी लपवलेला जुना डबा हुडकून दाखवला. चष्म्याने टाळ्या वाजवल्या.

पोरीने मला कामही दिलं. संध्याकाळी डिश 'झोपवतात', म्हणजे तोंड सरळ आभाळाकडे करून मानेत लोखंडी खीळ घालतात, वाऱ्याने फिरू नये म्हणून. ती खीळ रोज मी घालायची. मला रिकामा ठेवला तर मी डोकं खातो, हे तिला माहीत आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

फुगा आला. दिसला मात्र नाही. नुसती डिश हळूहळू मान वळवत होती, जत्रेत हरवलेलं पोर शोधणाऱ्या आईसारखी. चष्म्याने आवाज स्पीकरवर लावला. टिक, टिक, एकसारखी.

दुपारी तो वर जाऊन फुटायला हवा होता, मग डबा खाली येतो. फुटला नाही. चढतच गेला. चष्मा म्हणाला, एवढा वर कुठलाच जात नाही. मग डबा गप्प झाला. सगळे पडद्याकडे बघत बसले. खूप वेळाने आवाज परत आला आणि डबा खाली येत होता. पोरगी खूश झाली. मला ते आवडलं नाही. टिक-टिकमधली जागा मला बदललेली वाटली, जरा थांबून-थांबून, कुणी मोजूनमापून बोलावं तशी. चष्म्याला सांगितलं तर म्हणाला, काका, तुमचे कान टेम्पोच्या इंजिनाने घडवलेत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पोरगी आणि पैलवान डबा आणायला गेले. तो माळाच्या पार टोकाला, खारवट जमिनीत पडला आहे. मी इथे चष्म्याजवळ बसून राहिलो. वायरलेसवर ती बोलत होती. तिकडची धूळ फार बारीक असावी, कारण मधेच तिला खोकल्याची उबळ आली. तिचा खोकला मी झोपेतही ओळखेन. दोन छोटे, एक लांब, शेवटी घशातून 'ह्हं'. लहानपणापासूनचा दमा. मी चष्म्याला म्हटलं, ऐका, धुळीने धरलं तिला, परत बोलवा. त्याने मला पाणी दिलं.

दिवेलागणीला परत आले. डबा फुटला नव्हता, पोचाही नव्हता. मात्र दोघांचीही तोंडं उतरलेली. पैलवान एरवी तोंडाला कुलूप लावत नाही, आज जेवून सरळ झोपायला गेला. मी विचारलं तर पोरगी म्हणाली, काही नाही अप्पा, दमलोय. डब्याची बॅटरी काढून कपाटात ठेवली. मी खीळ घातली आणि झोपलो.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी खिडकी उघडली तर डिशचं तोंड आभाळाकडे नाही. खाली वाकलेलं, पोरीच्या खोलीकडे. खीळ जमिनीवर पडलेली.

मला वाटलं पैलवानाची चेष्टा. त्याला बोललो. त्याने आईची शपथ घेतली. चष्मा म्हणाला, मीच चालू केली, एक आवाज येतोय तो बघायचा होता. कसला आवाज? डब्यासारखाच, म्हणाला. मी म्हटलं, डबा तर कपाटात मेलेला आहे. तो म्हणाला, तेच तर. मग उगाच हसला. माणूस असा हसला की समजावं, हा काहीतरी लपवतोय.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज दिवसभर डिशवर नजर ठेवली.

पोरगी खोलीत होती तोवर डिश तिच्या खोलीकडे. ती पाण्याच्या टाकीकडे गेली. डिश टाकीकडे वळली. ती जनरेटरपाशी पैलवानाशी बोलत उभी राहिली. डिश तिकडे. मी मुद्दाम म्हटलं, पोरी, ट्रकमधून माझी शाल आण गं, वारं लागतंय. ती गेली. डिशची मान तिच्या पाठोपाठ, सावकाश.

एवढ्या उन्हात शाल घेऊन बसावं लागलं ते वेगळंच.

आणखी एक. ती शुक्रवारपासून एकदाही खोकलेली नाही. इथे धूळ काय कमी आहे? विचारलं तर म्हणाली, नवीन औषध लागू पडलंय. चाळीस वर्षं एक औषध लागू पडलं नाही आणि नेमकं त्या माळावरून आल्यावर पडलं?

बुधवार, १२ फेब्रुवारी

चहा दिला त्यात साखर. मला साखर बंद होऊन किती वर्षं झाली. ती म्हणाली, अय्या, चुकले, लक्षच नव्हतं. लक्ष कुठे होतं? कप हातात देतानाही ती माळाकडे बघत होती. हल्ली सारखी तिकडे बघते. चालता चालता थांबते, मागे वळून बघते.

दुपारी डिशच्या खोलीबाहेरून जाताना तिचा आवाज ऐकला. चष्म्याला सांगत होती, अप्पांना यातलं काही कळू देऊ नकोस.

काय कळू द्यायचं नाही मला?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पोरगी आणि पैलवान डिझेल आणायला वस्तीत गेले. चष्मा जेवायला उठला तसा मी आत शिरलो. डिश आता माळाच्या टोकाकडे रोखलेली होती, जिथे डबा पडला होता तिकडे. मी हेडफोन कानाला लावला.

टिक. टिक. मग खरखर. आणि मग दोन छोटे, एक लांब, ह्हं.

माझी पोरगी. तिकडून.

चष्मा आला, त्याने हेडफोन काढून घेतला, म्हणाला, काका, हे ऐकू नका. म्हणजे त्याला माहीत आहे! मी विचारलं तर म्हणतो, आम्हालाही नाही समजलं, साहेबांनी सांगितलंय तुम्हाला घाबरवायचं नाही.

रात्रीच्या जेवणाला ती माझ्यासमोर बसली. पाव मोडून खात होती. खोकला नाही. मी तिच्या हाताकडे बघत राहिलो. हात तिच्याच आईसारखे. पण हात काय.

मला असं दिसतं. आवाज दोन आहेत. मोठा आवाज हिच्यात. ही इथे असली की डिश हिच्याकडेच बघते. ही लांब गेली की तिकडचा बारीक आवाज लागतो. तिकडे जी आहे ती खोकते. तिकडे जी आहे ती माझी.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पैलवानाला आडून विचारलं, त्या दिवशी माळावर काय झालं. आधी टाळत होता. मग म्हणाला, काका, डबा सापडला तेव्हा साहेब थोड्या पुढे गेल्या होत्या, एकट्या. मी गाडीपाशी. परत आल्या त्या मागे बघत-बघत. बोलल्या, चल लवकर.

एकट्या. पुढे. आणि परत आली ती कोण?

दार लावून घेतलं आहे. ती दोनदा येऊन गेली. अप्पा, जेवा. अप्पा, बरं नाही का. आवाजात मध घातल्यासारखा गोडवा.

शनिवार, १५ फेब्रुवारी

उद्या मुक्काम हलवायचा. तिनेच ठरवलं, अचानक. एवढी घाई का? म्हणाली, इथलं काम झालं. चष्माही लगबगीने तारा गुंडाळतोय. पैलवानाने ट्रेलरचे पाय निम्मे उचललेसुद्धा.

उद्या डिश उतरली की पोरीला ऐकणारं कुणी उरणार नाही. ती तिकडे खोकत राहील आणि आपण हिला घेऊन दुसऱ्या माळावर जाऊ.

नाही. बाप आहे मी.

लहान गाडीची किल्ली खुंटीलाच असते. काट्याची अँटेना घेतली आहे. सगळे डिशपाशी आहेत. वही बरोबर घेतो.

शनिवार, दुपार

माळाच्या टोकाला पोहोचलो. जमीन पांढरी, वरून कडक, आत लोण्यासारखी. मागची चाकं रुतलीत. बघू नंतर. गाडी थांबवली तेव्हा सवयीने हात हॉर्नवर गेला, दोनदा. घरी आल्यासारखा. मग उतरलो.

अँटेना रोखली. काटा लगेच उठला. पुढे चालत गेलो. समोर काही नाही. झाड नाही, दगड नाही. मी हाक मारली, पोरी! उत्तरात खोकला आला. हेडफोनशिवाय, उघड्या कानांना. दोन छोटे, एक लांब, ह्हं.

मी पळत सुटलो. म्हातारा माणूस किती पळणार. थांबून पुन्हा हाक मारली. पुन्हा खोकला. दोन छोटे, एक लांब, ह्हं.

पुन्हा. तसाच.

तसाच्या तसा. माणूस एकासारखा एक खोकत नाही. हा त्या दिवशी वायरलेसवर ऐकलेला. तोच. तेवढाच.

मग तिकडून हाक आली. पोरी! 

माझ्या आवाजात.

इथे डोंगर नाही. प्रतिध्वनी कुठून येईल.

गाडीत आलो. काचा वर केल्या. पेन पडलं म्हणून दुसरं शोधायला डॅशबोर्डचा खण उघडला, तर आत तिचं औषध. बाटली निम्मी संपलेली. औषध नवंच. तिने सांगितलं होतं तेच.

मूर्ख. मूर्ख म्हातारा.

डिशला दिशा कळते, अंतर नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डिश पोरीकडे बघतच नव्हती. तिच्या पलीकडे बघत होती. तिच्या मागे, लांब, जे होतं त्याच्याकडे. ती टाकीकडे गेली की तेही सरकायचं. ती जनरेटरपाशी थांबली की तेही. तिला मागे कुणी असल्यासारखं वाटायचं, म्हणून वळून बघायची. म्हणून चहात साखर. म्हणून उद्याची घाई. मी घाबरट म्हणून मला सांगितलं नाही. आणि मी तिच्या तोंडावर दार लावलं.

शनिवार, अजून ऊन आहे

इंजिन चालू होतं, चाकं जागची हलत नाहीत.

मागे धूळ दिसतेय. मोठी गाडी. मला न्यायला येतेय. दुसरं कोण येणार.

अँटेना मागे तिच्याकडे रोखली. काटा पडलेला. काही नाही. माझी पोर स्वच्छ आहे. माझी आहे.

पुढे रोखली. काटा पार टोकाला. जवळ आहे की लांब —

ते बोलतंय. माझ्या आवाजात. पोरी, पोरी, सारखं. ती ऐकेल आणि सरळ तिकडे जाईल. मी ओरडून सांगू? कुठला अप्पा खरा, तिला कसं कळणार. मी जे बोलेन ते त्याला मिळेल. तोंड उघडायचं नाही.

पान फाडून काचेवर लावलं. मोठ्या अक्षरात. पोरी माझ्या आवाजाकडे जाऊ नकोस. पण माझं अक्षर — आणि काचेवर ही पांढरी धूळ —

गाडी थांबली. लांबच. जमीन मऊ म्हणून पैलवान पुढे आणत नाही. बरोबर आहे त्याचं.

ती उतरली. एकटी.

ते म्हणालं, पोरी.

ती ओरडली, आले अप्पा. तिकडे वळली. तिकडे —

हॉर्न. हॉर्न आहे की. दोन छोटे. हा फक्त माझा. आमचा दोघांचा. हा ऐकला की ती माझ्याकडेच पळत येणार, लहानपणापासून — देवा, आधी कसं सुचलं नाही — आता वाजव

वाजला. पीप-पीप. 

ती हसली. पळत निघाली —

माझा हात अजून वहीवरच आहे. मी हॉर्न अजून